तिसरा मॅनेजरही गेला? नवी जाहिरात टाकण्याआधी हे तपासून घ्या

माणसं पंधरा-वीसच्या पुढे गेली की मुंबईतल्या लहान धंद्याला एक दुखणं हमखास लागतं. मालक इनचार्ज ठेवतो. पहिला महिना कौतुकात जातो, तिसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू होते, सहाव्यात तो माणूस सोडून जातो किंवा त्याला घालवलं जातं. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा ओळखीपाळखी, पुन्हा तेच.

मी पूर्वी कारखान्यात प्रॉडक्शन बघायचो. आता वसईपासून अंबरनाथपर्यंतचे गाळेवाले, केटरर, फराळवाले, दोन-तीन शाखांचे दुकानदार यांच्याकडे जाऊन हाच बिघाड काढत असतो. मालक सांगतो, ‘चांगली माणसंच मिळत नाहीत हो.’ मिळतात. पण एका खुर्चीवरून लागोपाठ तीन माणसं उठून गेली असतील, तर चौथा शोधण्याआधी खुर्ची उलटी करून बघावी, असं माझं मत आहे. त्या पदाला अधिकार काय दिले, वेळ कोणती, वरून हुकूम किती जणांचे, हे आधी बघायचं. माणसाची पारख त्यानंतर.

लक्षणं

खालच्यांपैकी तीन-चार जरी तुमच्याकडे दिसत असतील तर पुढचं वाचा.

- इनचार्ज हजर असताना कामगार, ड्रायव्हर, पार्टी (म्हणजे माल घेणारं गिऱ्हाईक) सगळे थेट मालकाला फोन लावतात.
- मालक दोन दिवस गावी गेला की डिस्पॅच अडतो. परत आल्यावर टेबलावर ‘तुम्ही आल्यावर ठरवू’वाल्या कामांची चळत असते.
- गेलेले दोघे-तिघे जण एकाच सुमारास गेले, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात.
- नवीन इनचार्ज आला की जुने दोन चांगले कारागीरही सोडायची भाषा करतात.
- सगळ्यात हुशार कारागिराला सुपरवायझर केलं, आणि कारागीर गेला, सुपरवायझरही मिळाला नाही.
- मुलाखतीत ‘एकदम आपला माणूस वाटला’ असं म्हणून घेतलेला माणूस महिन्याभरात परका वाटायला लागतो.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, खर्चिक आणि दुखऱ्या शेवटी. क्रम मोडू नका. सरळ पगार वाढवून बघणारे बरेच भेटतात. पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

1. मालकाचा फोन

खर्च शून्य, वेळ एक आठवडा. खिशात छोटी वही ठेवा. कामाच्या जागेवरून येणारा प्रत्येक फोन लिहा: कोणाचा, कशासाठी, आणि तो निर्णय खरं म्हणजे कोणाचा होता. ‘टेम्पोवाला जास्त मागतोय, देऊ का?’ ‘पार्टी म्हणते माल उद्या सकाळीच हवा.’ ‘मावशी दोन दिवस रजा मागतायत.’ शनिवारी वही उघडून बघा. इनचार्जनं घ्यायचे निर्णय जर तुमच्याच कानावर येत असतील, तर त्याला तुम्ही पगार देताय, काम देत नाही आहात.

हे पहिलं का? कारण यात दोष असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या वाया जातात. कितीही भारी माणूस आणा, आठवड्याभरात कामगारांना कळतं की याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती दोन वाक्यांची आहे आणि मालकांना ती सगळ्यात जड जाते. फोन आला की ‘इनचार्जला विचार’ म्हणायचं आणि ठेवायचा. आणि त्यानं दिलेलं उत्तर तुम्हाला पटलं नाही तरी त्या दिवशी फिरवायचं नाही. संध्याकाळी दार लावून त्याच्याशी बोलायचं. हे महिनाभर पाळलं आणि लक्षणं गेली, तर बाकीची पोस्ट वाचायची गरज नाही.

2. येण्या-जाण्याचा रस्ता

हे इतकं साधं आहे की कोणी विचारतच नाही. बदलापूरचा माणूस गोरेगावच्या गाळ्यावर घेतला. मध्य रेल्वेनं दादरला येऊन पश्चिमेची गाडी धरायची, किंवा घाटकोपरला उतरून मेट्रोनं अंधेरी आणि तिथून पुन्हा लोकल. उन्हाळ्यात तो हे निभावतो. जुलैत पाणी भरलं की रोज उशीर, रोज बोलणी, आणि ऑगस्टमध्ये ‘घरगुती कारणास्तव’ राजीनामा. मालक म्हणतो, निष्ठा राहिली नाही. निष्ठेचा इथे काय संबंध?

म्हणून नेमायच्या आधी दारापासून दारापर्यंतचा प्रवास कागदावर मांडा. दुकान रात्री साडेनऊला बंद होतं, पण हिशेब करून शटर ओढेपर्यंत साडेदहा होतात, ही वेळ धरा. रविवारी दुकान चालू असेल तर मेगाब्लॉकचा रविवार धरा. उपायही स्वस्त आहेत: सकाळची किल्ली दुसऱ्याकडे देऊन त्याला तासभर उशिरा बोलवा, फर्स्ट क्लासचा पास काढून द्या, किंवा इंग्रजी थोडं कच्चं असलेला पण दोन स्टेशनांवर राहणारा माणूस घ्या. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे.

एक मात्र करू नका. बाई उमेदवार असली की ‘रात्री घरी कोण सोडणार, लग्न झालंय का’ हे प्रश्न नकोत. वेळ स्पष्ट सांगा, जमतंय का ते त्या ठरवतील.

3. एक पान कागद

इथे बहुतेक बिघाड सापडतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

कोऱ्या कागदावर पदाचं नाव लिहा आणि खाली उत्तरं द्या. हा माणूस कोणालाही न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करू शकतो? रजा किती दिवसांची मंजूर करू शकतो? खराब आलेला माल परत पाठवू शकतो का? ओव्हरटाइम लावू शकतो का? आणि कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही? माझ्या अनुभवात सुरुवातीला तीन गोष्टी मालकाकडेच बऱ्या: पगारवाढ, कामावरून काढणं आणि नव्या पार्टीला उधारी. बाकी जितकं सोडाल तितकं चांगलं. शेवटी एक ओळ: तीन महिन्यांनी याचं काम कशावरून जोखणार? ‘सगळं व्यवस्थित बघणं’ हे जोखता येत नाही. ‘ऑर्डर ठरल्या तारखेला बाहेर पडणं’ जोखता येतं.

एका केटररकडे भर लग्नसराईत बर्फ संपला. इनचार्जनं जवळच्या बर्फवाल्याकडून महाग पडला तरी घेतला आणि पंगत निभावून नेली. दुसऱ्या दिवशी मालकानं सगळ्यांसमोर पावती हातात धरून ‘एवढे कशाला दिले?’ विचारलं. त्यानंतर त्या माणसानं स्वतःहून काडीचीही खरेदी केली नाही. मालकाची तक्रार होती, ‘त्याच्यात पुढाकार नाही.’ तिथे आम्ही फक्त एक आकडा ठरवला: 5,000 रुपयांपर्यंतचा खर्च इनचार्जचा, हिशेब दर शनिवारी, आणि पावतीवर बोलणं फक्त शनिवारीच. माणूस तोच राहिला, काम बदललं.

हा कागद लिहिताना तुमचा हात अडला, रकमेचा आकडाच टाकवत नसेल, तर तुम्हाला मॅनेजर नको आहे. चांगला क्लार्क किंवा मदतनीस हवा आहे. यात कमीपणा काहीच नाही; उलट निम्म्या पगारात काम होईल. पण मग त्या माणसाला मॅनेजर म्हणू नका आणि मॅनेजरसारखं झापूही नका.

4. सोडून गेलेल्यांना फोन

राजीनाम्याच्या दिवशी कोणी खरं बोलत नाही. अनुभवाचा दाखला हवा असतो. दोन महिन्यांनी फोन करा, आणि मालकानं करू नका. अकाउंटंट किंवा ज्याच्याशी त्या माणसाचं बरं होतं तो करू दे. तीन प्रश्न पुरतात: सोडायचं पहिल्यांदा मनात कधी आलं? आपल्या हातात असायला हवी होती पण नव्हती अशी गोष्ट कोणती? खालची माणसं खरं कोणाचं ऐकायची?

तिन्ही जण एकच गोष्ट सांगत असतील तर तुमचा बिघाड सापडला. तिघे तीन सांगत असतील तर मात्र निवडीतच गोंधळ आहे, पुढच्या तपासणीकडे जा.

यासाठी आधी त्याचे पैसे चुकते केलेले हवेत. ‘हँडओव्हर दे, मग बघू’ म्हणत शेवटचा पगार अडकवणं ही आपल्याकडची जुनी खोड. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे माणूस राजीनामा देऊन गेला किंवा काढला, तरी त्याच्या वेतनाची देणी दोन कामाच्या दिवसांत द्यायची असतात. आणि मूळ मार्कशीट किंवा प्रमाणपत्रं ताब्यात ठेवून घेत असाल, तर ते आजच परत करा.

5. मुलाखत

बहुतेक मालकांची मुलाखत म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. गाव कुठलं, घरी कोण कोण, आधीची नोकरी का सोडली, आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे. अर्ध्या तासात दोन्ही बाजू खूश, आणि कामाबद्दल कोणालाच काही कळलेलं नसतं.

1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी भरतीच्या पद्धतींवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणं या पद्धती त्यात वरच्या रांगेत होत्या. अनुभवाची नुसती वर्षं बरीच खाली. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब नव्यानं केला, तेव्हा बरेच आकडे उतरले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत वरच राहिली. आपण मात्र जाहिरातीत पहिली ओळ लिहितो, ‘किमान दहा वर्षांचा अनुभव’.

गाळ्यावर हे असं करता येतं. पाच प्रश्न आधी लिहून ठेवा, सगळ्यांना तेच विचारा, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्या. प्रश्न घडलेल्या गोष्टींवर हवेत. ‘तुम्ही माणसं कशी सांभाळाल?’ याला सगळे सुंदर उत्तर देतात. ‘तुमच्या हाताखालचे दोघे एकाच दिवशी आले नाहीत, असा शेवटचा प्रसंग सांगा, त्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी काय केलंत?’ याला ज्यानं ते केलंय तोच उत्तर देतो. मग एक दिवस कामावर बोलवा, आणि त्या दिवसाचे पैसे द्या. उद्याच्या ऑर्डरी, हजर माणसं आणि एक मोडकं मशिन एवढं समोर ठेवून त्याला दिवसाचं वाटप करायला सांगा. तो कारागिरांना प्रश्न विचारतो की लगेच हुकूम सोडतो, हे चहाच्या सुट्टीपर्यंत कळतं.

अनुभवाच्या तारखा पडताळायच्या असतील तर उमेदवाराला त्याच्याच मोबाइलवर पीएफची सर्व्हिस हिस्टरी उघडून दाखवायला सांगता येतं. पण वीसपेक्षा कमी माणसांच्या बऱ्याच ठिकाणी पीएफ नसतोच, त्यामुळे नोंद नाही म्हणजे खोटं बोलला असं धरू नका. आधीच्या मालकाला फोन कराल तर ‘कसा होता?’ विचारू नका. ‘पुन्हा घ्याल का?’ विचारा आणि उत्तराआधीची शांतता मोजा.

6. आतल्याच माणसाला बढती

कटिंग मास्टर उत्तम आहे म्हणून त्याला फ्लोअर इनचार्ज केलं, की दोन्ही जागा रिकाम्या व्हायचा धोका असतो. ‘दादा, मशिन माझ्याकडे द्या, माणसं नकोत’ असं स्पष्ट सांगणारा कारागीर भेटला तर त्याचे आभार माना. कौशल्याची वाढ वेगळी ठेवा, म्हणजे पगार वाढवायला सुपरवायझर होण्यावाचून दुसरा रस्ता नाही असं होणार नाही.

मग कोणाला करायचं? मालक नसताना बाकीचे आपणहून कोणाकडे जातात ते बघा. तो माणूस बहुधा हाताचा सगळ्यात वेगवान नसतो. डबेवाल्यांचं उदाहरण मॅनेजमेंटवाल्यांनी इतकं उगाळलंय की लिहायचा कंटाळा येतो, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: त्यांचा मुकादम डबे वाहून अनुभवी झालेल्यांतलाच असतो, आणि गटातलं कोणी आलं नाही तर ती लाइन सांभाळायची जबाबदारी त्याची.

चाचणीसाठी मुंबईत गणपतीसारखी वेळ नाही. मालक कोकणात, अर्धी माणसं कोकणात, उरलेल्यांवर गाडा. त्या दिवसांत एकाला लेखी इनचार्ज करा, तिसऱ्या तपासणीतला कागद त्याच्या हातात द्या आणि परत येईपर्यंत फोन करू नका. फक्त लक्षात ठेवा, काही धंद्यांत त्या दिवसांत काम कमी असतं, त्यामुळे दिवाळीच्या घाईत पुन्हा एकदा बघा. आणि जमलं नाही तर जुन्या जागी, जुन्या मानानं परत यायची वाट आधीच बोलून ठेवा. ती नसेल तर न जमलेला माणूस थेट नोकरी सोडतो.

7. पगार

यावर थोडंच. ‘किती मिळणार?’ म्हणजे हातात किती, हे दोघांनाही सारखं कळलेलं हवं. पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू असेल तर ते, आणि व्यवसाय कर लागू असेल तर महिन्याचे 200 रुपये, फेब्रुवारीत 300, असं सगळं कापून उरणारी रक्कम ऑफर देतानाच लिहून द्या. पहिल्या पगाराला झालेला अपेक्षाभंग शेवटपर्यंत जात नाही. आणि नवीन इनचार्जचा पगार जुन्या मास्टरपेक्षा कमी नाही ना, हे बघा. हे आकडे गुप्त राहतात असं फक्त मालकाला वाटतं.

8. घरातले हुकूम

सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी. वडिलांनी उभा केलेला धंदा, मुलगा वाढवतोय, काका खरेदी बघतात. वडील रोज अकरा वाजता येतात, गल्ल्याजवळ बसतात आणि जाता जाता मॅनेजरला एक काम सांगतात. मुलानं सांगितलेलं मागे पडतं. संध्याकाळी मुलगा विचारतो, ‘माझं का नाही झालं?’ मॅनेजरनं काय उत्तर द्यावं? तो नोकरीच्या साइट उघडतो.

तपासायचं असं: मॅनेजरला गेल्या पंधरवड्यात घरातल्या किती जणांनी थेट कामं सांगितली, हे त्यालाच विचारा, एकट्यात. एकापेक्षा जास्त नावं आली तर दुरुस्ती घरात आहे. मॅनेजरला हुकूम एकाच तोंडातून जायला हवा. वडिलांना, काकांना जे सांगायचं ते त्यांनी त्या एकाला सांगायचं. हे मुलानं वडिलांना ऐकवू नये. घरातल्या वडीलधाऱ्यानं किंवा तुमच्या जुन्या सीएनं बोललेलं मानानं घेतलं जातं.

भाचा, मेव्हणा इनचार्ज असेल तर बाकी काही करू नका, त्याचाही तोच एक पानी कागद करा आणि तीन महिन्यांनी त्याच मापानं मोजा. ते करायची हिंमत नसेल तर त्याला माणसं नसलेलं काम द्या.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

वरचं सगळं करून झालं, दोन नेमणुका अशाच काळजीनं केल्या आणि तरीही माणूस टिकत नसेल, तर बाहेरच्याला बोलवा. आपल्याला आपलं वागणं दिसत नाही.

मोठ्या पदासाठी प्लेसमेंट एजन्सी घ्यायची तर बहुधा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, अशी फी सांगतात. माणूस ठरावीक मुदतीत गेला तर बदली देणार का आणि किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. तिसऱ्या तपासणीतला कागद नसताना एजन्सीकडे जाऊ नका.

माणसं दहाच्या घरात पोचली की ईएसआय आणि ग्रॅच्युइटीचा, वीसला पीएफचा प्रश्न येतो. कोण मोजायचं, कोण नाही, जुनी थकबाकी किती, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. लेबर कन्सल्टंट गाठा.

मॅनेजरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार आली तर त्याच क्षणी स्वतः मिटवामिटवी करणं थांबवा. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसांच्या जागी अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्यात बाहेरचा एक सदस्यही लागतो. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ‘जाऊ दे, त्याला समज दिली आहे’ हे उत्तर चालत नाही.

पैशांची अफरातफर वाटत असेल तर जबाब लिहून घेणं, पगार रोखणं, गेटवर अडवणं यातलं काही स्वतः करू नका. आधी सीएकडून हिशेब, मग वकील. मॅनेजर गेल्यावर समोरच्या गल्लीत तोच धंदा सुरू करेल म्हणून ‘दोन वर्षं स्पर्धा करणार नाही’ असं लिहून घ्यायचा विचार असेल, तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 असल्या अटी रद्द ठरवतं. पार्टीची यादी, दरपत्रक यांच्या गुप्ततेची अट वकिलाकडून नीट लिहून घ्या, ती वेगळी गोष्ट आहे.

आणि भावाभावांत वाटणीचा विषय निघालेला असेल, तर मॅनेजरची भरती तूर्त बंद ठेवा आणि पार्टनरशिप डीड घेऊन वकिलाकडे जा. वकील असो वा लेबर कन्सल्टंट, जाताना हजेरीपट, पगाराचं रजिस्टर, नेमणूकपत्रं, गेलेल्यांचे राजीनामे आणि त्यांना पैसे दिल्याचे बँकेचे पुरावे सोबत घ्या. तोंडी सांगण्यात पहिल्या भेटीची फी वाया जाते.